जुनं घर विकून नव्या घरात जायचंय? आधी तारखा बसवा, मग भाव

घर विकायचं ठरलं की घरातले, शेजारी, नातेवाईक सगळे एकच विचारतात, किती येतील? पण त्याच्याआधीचा प्रश्न असा आहे की घर रिकामं कधी करायचंय आणि त्या रात्री झोपायचं कुठे. हे ठरलं नसेल तर चांगला भाव मिळूनसुद्धा माणूस अडकतो.

आमचं तसंच झालं होतं. पहिल्यांदा घर विकलं तेव्हा भाव मनासारखा आला म्हणून घेणाऱ्यांनी सांगितलेल्या तारखेला आम्ही लगेच हो म्हणालो, नवीन घराचा ताबा तोवर मिळेलच असं धरून चाललो, आणि तो ताबा गेला सात आठवडे पुढे. सामान गोदामात, आम्ही आधी नातेवाइकांकडे आणि मग भाड्याच्या दोन खोल्यांत, पॅकिंग दोनदा, हमाली दोनदा, आणि आईच्या औषधांची फाईल कुठल्या खोक्यात गेली ते तीन दिवस सापडत नव्हतं. भावात जे जास्तीचं मिळालं होतं ते सगळं त्या सात आठवड्यांत गेलं. तेव्हापासून कोणी घर विकतोय म्हटलं की मी आधी त्यांना कागद-पेन घेऊन बसायला सांगते. त्या कागदावर काय काय लिहायचं तेच इथे क्रमाने लिहितेय. कायदे आणि कर जागेप्रमाणे बदलतात, ते तुमच्याकडच्या वकिलाला विचारायचे, पण बाकीचा हिशोब सगळीकडे सारखाच असतो.

१. न हलणारी तारीख शोधा

प्रत्येक घरात एखादी तरी तारीख पक्की असते. शाळा सुरू होण्याचा दिवस, बदलीच्या ठिकाणी हजर व्हायचा दिवस, बाळंतपण, कोणाचं ऑपरेशन, भाडेकरार संपण्याचा दिवस. ती तारीख कागदावर मधोमध लिहा आणि मग तिच्यापासून मागे मोजत या. आजपासून पुढे मोजत गेलात की प्रत्येक टप्प्याला "होईल तोपर्यंत" असं आपण मनाशी म्हणतो. उलटं मोजलं की कुठे वेळ कमी पडतोय ते लगेच दिसतं.

समजा नव्या घरात राहायला जायचा दिवस ठरला. सामान हलवणाऱ्यांचं बुकिंग त्याच्या चार ते सहा आठवडे आधी, कारण महिनाअखेर आणि शनिवार-रविवार त्यांच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. जुन्या घराचा करार झाल्यापासून पैसे पूर्ण हातात येईपर्यंत, घेणारा कर्ज काढणार असेल तर, दीड-दोन महिने धरून चाला, कुठे कमी लागतात कुठे बरेच जास्त. त्याच्याआधी गिऱ्हाईक मिळायचा काळ, तो कोणाच्याच हातात नसतो, म्हणून तुमच्या भागात तुमच्यासारखी घरं विकायला साधारण किती दिवस लागले ते दोन-तीन एजंटांना विचारा आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरा. त्याच्याआधी घर दाखवण्यालायक करायला दोन ते चार आठवडे. आणि सगळ्यात आधी कागदपत्रं. एवढं मोजून झालं की बहुतेकांच्या लक्षात येतं की सुरुवात करायची वेळ आत्ताच आहे, किंवा होऊन गेलीय. होऊन गेली असेल तरी घाबरायचं कारण नाही, फक्त मग मधल्या मुक्कामाची सोय प्लॅनमध्ये आत्ताच धरायची.

२. हातात खरंच किती येणार

इथे मी रक्कम सांगत नाही, घराची किंमत १०० धरू, तुम्ही तुमचे आकडे घाला. १०० ला घर विकलं. त्यातून जुन्या कर्जाची बाकी समजा ३८ गेली. एजंट आणि वकील मिळून ३. कर समजा ४. रंग, गळती, किरकोळ दुरुस्ती १. सामान हलवणं आणि मधे राहायची वेळ आली तर त्याचा खर्च २. राहिले ५२. बरेच जण १०० मधून फक्त कर्ज वजा करतात आणि ६२ आपले समजून नवीन घर बघायला निघतात, आणि हे मधले १० कमी पडले की शेवटच्या महिन्यात महागडं पर्सनल लोन घ्यायची वेळ येते.

आता नवीन घर समजा १२० चं आहे. बँक ८० टक्के देणार असेल तर ९६ बँकेचे, २४ तुमचे, वर नोंदणी, कर, फी वगैरे मिळून समजा ८. म्हणजे तुम्हाला ३२ लागणार आणि तुमच्याकडे ५२ येणार, सगळं आरामात बसतंय असं वाटतं. पण ते ५२ येणार कधी? नवीन घराचा इसारच १० टक्के मागितला तर १२ आधी द्यायचेत, आणि त्या दिवशी जुनं घर विकलेलंसुद्धा नसेल. रक्कम पुरेशी आहे पण योग्य दिवशी हातात नाही, यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात. म्हणून प्रत्येक रकमेसमोर तारीख लिहा, कुठल्या दिवशी किती द्यायचेत, कुठल्या दिवशी किती येणार, आणि मधल्या दिवसांत पैसे कुठून आणायचे.

याच हिशोबात अजून एक गोष्ट करून बघा, घर १०० ऐवजी ९० ला गेलं तर? कर्ज तर तेवढंच फेडायचंय, बाकीचे खर्चही जवळपास तेवढेच, म्हणजे हातात ५२ ऐवजी ४२. किमतीत १० टक्के घट झाली पण तुमच्या हातातल्या पैशांत जवळजवळ पाचवा भाग गेला. नवीन घराचं बजेट या ४२ वर बसतंय का ते आधी बघा. ५२ वर बसवलेलं बजेट फार नाजूक असतं.

कर्जाची बाकी किती ते अंदाजाने लिहू नका, बँकेकडून लेखी स्टेटमेंट मागवा, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर काही चार्ज लागतो का, मूळ कागद परत द्यायला किती दिवस लावतात तेही त्याच वेळी विचारून घ्या. कराचं तर करार सही करायच्या आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी घर किती काळ तुमच्याकडे होतं, तुम्ही स्वतः राहत होतात का, आणि मिळालेले पैसे ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात घातले का, यावर कर कमी-जास्त होतो. कधी कधी नुसता करार एक-दोन महिने पुढे ढकलल्याने मोठा फरक पडतो. सही झाल्यावर सल्लागाराकडे गेलात तर त्याच्याही हातात फार काही उरत नाही.

३. आधी विकायचं, आधी घ्यायचं, की दोन्ही बरोबर

यात जरा वेळ घालवा, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी विकलं तर पैसे नक्की किती ते माहीत असतं, नवीन घर घेताना तुमच्या शब्दाला वजन येतं कारण तुमचं काही अडलेलं नसतं, आणि डोक्यावर दोन कर्जं नसतात. तोटा हा की मधे राहायचं कुठे. भाड्याने राहायचं तर दोनदा शिफ्टिंग, आणि घाई वाढली की माणूस मनाविरुद्धचं घर घेऊन टाकतो, तसं घेतलेलं घर पुढे वर्षानुवर्षं खटकत राहतं. मधल्या काळात तुम्हाला हव्या त्या भागातले भाव वाढले तर तोही धोका आहेच.

आधी घेतलं तर शांतपणे, एकदाच, आपल्या सोयीने शिफ्ट होता येतं. लहान मुलं असतील, घरात आजारी माणूस असेल तर याचं मोल फार आहे, आणि रिकामं स्वच्छ घर दाखवायलाही सोपं जातं. पण दोन्ही घरांचा खर्च एकाच वेळी चालू होतो. आणि नवीन कर्ज देताना बँक जुन्या कर्जाचा हप्ताही मोजते, त्यामुळे तुम्हाला वाटतं तेवढं कर्ज मिळेलच असं नाही, हे घर पसंत करायच्या आधीच बँकेत जाऊन विचारायचं. काही बँका यासाठी ब्रिज लोन देतात, म्हणजे जुनं घर विकून पैसे येईपर्यंतचं छोट्या मुदतीचं कर्ज. सोय चांगली आहे, पण व्याज नेहमीच्या गृहकर्जापेक्षा सहसा जास्त असतं आणि मुदत संपेपर्यंत घर नाही विकलं गेलं तर काय, हा प्रश्न सही करायच्या आधी तोंडाने विचारायचा आणि उत्तर कागदावर घ्यायचं. माझं मत सांगायचं तर ज्यांच्याकडे जुन्या घराचे निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे बाजूला ठेवलेले आहेत त्यांनीच हा रस्ता धरावा.

दोन्ही बरोबर करायचं म्हणजे जुन्याचे पैसे ज्या दिवशी आले त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत नव्याचे द्यायचे. कागदावर हे सगळ्यात छान दिसतं, आणि जमलं तर खरंच छान. पण तुमचं घर घेणारा त्याचं घर विकतोय, ज्याचं घर तुम्ही घेताय तो अजून तिसरीकडे जातोय, अशी साखळी असते आणि त्यातल्या एकाचं कर्ज लांबलं की सगळे थांबतात. हा मार्ग घ्यायचा असेल तर मधे निदान एक आठवडा मोकळा ठेवा. एकाच दिवशी सकाळी विकायचं आणि संध्याकाळी घ्यायचं असं ठरवू नका. कुठेतरी एखादी सही राहते, बँकेचा सर्व्हर बंद असतो, कोणीतरी आजारी पडतं, आणि सामान भरलेली गाडी रस्त्यावर उभी.

तीनपैकी काहीही निवडा, पण त्यासोबत एक निर्णयाची तारीख लिहून ठेवा. म्हणजे अमुक तारखेपर्यंत घर विकलं गेलं नाही तर किंमत इतकी कमी करायची, किंवा भाड्याने द्यायचं, किंवा नवीन घराचा विषय तूर्त थांबवायचा. हे आत्ता शांत डोक्याने ठरवलेलं असलं की तेव्हा नवरा-बायकोत भांडण होत नाही.

४. कागदपत्रं, आजच

गिऱ्हाईक मिळाल्यावर कागद शोधायला बसणं ही फार कॉमन चूक आहे. घेणाऱ्याचा वकील आणि बँक एकेक कागद मागतात आणि प्रत्येक कागदाला तुमचे आठ-दहा दिवस जातात. मालकीचा दस्त, आधीच्या मालकांपासूनची कागदांची साखळी, मंजूर नकाशा, कराच्या पावत्या, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र, कर्जाचं स्टेटमेंट, विम्याची पॉलिसी, सगळं एका फाईलमध्ये लावा आणि स्कॅन करून ठेवा.

वेळ खाणारी खरी दुखणी मात्र वेगळीच असतात. एका कागदावर नावाचं स्पेलिंग एक आणि दुसऱ्यावर दुसरं. घर दोघांच्या नावावर आणि एक जण परदेशात, मग त्याच्या सहीसाठी मुखत्यारपत्र बनवून तिकडून प्रमाणित होऊन यायला आठवडे जातात. आई-वडिलांपैकी कोणी गेलेलं आणि वारसाची नोंद केलेलीच नाही. कर्ज कधीच फिटलंय पण सरकारी रेकॉर्डवर बँकेचा बोजा तसाच दिसतोय. बाल्कनी आत घेतलेली, खोली वाढवलेली, आणि त्याची परवानगी नाही. यातलं काहीही असेल तर आधी ते मिटवा आणि मगच जाहिरात टाका, आणि लपवू तर अजिबात नका, कारण तपासणीत ते निघतंच, आणि तेव्हा घेणारा भाव पाडतो किंवा सरळ निघून जातो, तुमच्या ठरवलेल्या तारखा तर तेव्हाच कोसळतात.

५. घर तयार करणं आणि भाव लावणं

मोठं रिनोव्हेशन विकण्यासाठी म्हणून करू नका, त्यात घातलेले सगळे पैसे सहसा परत येत नाहीत आणि कारागीर तुमचे दोन महिने खातात. गळती, ओल, बंद दिवे, घट्ट बसणारी दारं, तुटलेले नळ, एवढं करा. घेणारा माणूस ओलीचा डाग बघून मनात त्याच्या खऱ्या खर्चाच्या तिप्पट खर्च धरतो.

पसारा कमी करायचं काम तर तुम्हाला शिफ्टिंगसाठी करायचंच आहे, ते आत्ताच सुरू करा. जास्तीची भांडी, पुस्तकं, ऋतूप्रमाणे न लागणारे कपडे आत्ताच खोक्यात भरले की खोल्या मोठ्या दिसतात आणि पुढचं अर्धं पॅकिंग झालेलं असतं. फोटो मात्र दिवसाच्या उजेडात, खोकी दिसणार नाहीत असे काढा.

भावाचं म्हणाल तर जाहिरातीत लोक काय मागतायत ते बघू नका, प्रत्यक्षात सौदा कितीला झाला ते बघा. जाहिरात टाकल्यावर सगळ्यात जास्त चौकशी पहिल्या काही आठवड्यांतच येते. बघू, कमी करता येईल नंतर, म्हणून चढा भाव लावला की हेच आठवडे वाया जातात, आणि नंतर भाव उतरवला तरी लोक विचारतात की इतके दिवस का पडून आहे, काही प्रॉब्लेम आहे का.

आता महिन्याचा हिशोब बघा. जुन्या घराचं व्याज, मेंटेनन्स, कर, विमा, लाईट मिळून १०० च्या घराला समजा महिन्याला ०.५ खर्च येतो. चार महिने थांबलात की २ गेले. म्हणजे आज तुमच्या तारखेला जुळणारी ९८ ची ऑफर आणि चार महिन्यांनी मिळणारी १०० ची ऑफर हातात सारखंच देतात, आणि त्या चार महिन्यांची धाकधूक वेगळी. तुमचा स्वतःचा हा महिन्याचा आकडा काढून फ्रिजवर चिकटवून ठेवा, ऑफर आली की त्याच्याशी ताडून बघा.

६. ऑफर आली की काय विचारायचं

भावाच्या जोडीने हे पाच-सहा प्रश्न विचारायचेच, न लाजता. पैसे रोख आहेत की कर्ज? कर्ज असेल तर बँकेने मंजुरी लेखी दिलीय की नुसतं बोलणं झालंय? स्वतःचा हिस्सा कुठून येणार, खात्यात आहे की ठेव मोडायचीय, शेअर विकायचेत? तुमचं घर आधी विकायचंय का? घर विकायचंय तर त्याचा करार झालाय का? आणि राहायला कधी यायचंय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. एखाद्याला तीन महिने घाई नसते आणि तुम्हालाही नेमके तीन महिने हवे असतात, अशा माणसाला थोडं कमी भावात देणं परवडतं. आणि एखाद्याला पुढच्या आठवड्यात यायचं असतं, तर तो लवकर ताब्यासाठी जास्त द्यायला तयार असतो, त्या जास्तीच्या पैशात तुमचं मधलं भाडं निघत असेल तर विचार करायला हरकत नाही. ताब्याची तारीख ही भावासारखीच घासाघीस करायची गोष्ट आहे, आपल्याकडे ती कोणी मागतच नाही म्हणून मिळत नाही.

७. करारात तारखा अशा लिहून घ्या

हा भाग वकिलाकडून करून घ्यायचा, पण काय मागायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे.

नोंदणीची तारीख, पूर्ण पैसे मिळायची तारीख आणि ताबा द्यायची तारीख, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, करारात तिन्ही वेगवेगळ्या लिहा. पूर्ण पैसे मिळण्याआधी किल्ली द्यायची नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

नवीन घर अजून तयार नसेल तर विकल्यानंतर काही आठवडे तिथेच राहायची मुभा मागता येते. घर त्यांच्या नावावर, तुम्ही तेवढे दिवस भाडं देऊन राहणार. यात रोजचं किंवा महिन्याचं भाडं, अनामत, शेवटची तारीख, त्या दिवशी नाही निघालात तर दंड किती, आणि मधे काही मोडलं तर खर्च कोणाचा, हे सगळं कागदावर पाहिजे. घेणाऱ्याने आधी त्याच्या बँकेला विचारलेलं बरं, कारण काही कर्जांत ठरावीक दिवसांत स्वतः राहायला गेलं पाहिजे अशी अट असते.

नवीन घर घेताना उलट बाजूने अट मागता येते, की माझं जुनं घर अमुक तारखेपर्यंत विकलं गेलं नाही तर करार रद्द आणि इसार परत. विकणाऱ्याला हे सहसा आवडत नाही, चालत्या बाजारात तर तो सरळ नाही म्हणतो. मग मधला मार्ग असा निघतो की त्याला दुसरी चांगली ऑफर आली तर तो तुम्हाला कळवेल आणि तुम्ही दोन-तीन दिवसांत अट सोडून पक्कं करायचं किंवा बाजूला व्हायचं.

आणि आता ते कलम ज्याच्याकडे आमचं लक्ष गेलं नव्हतं. जुन्या घराच्या करारात लिहिलं होतं की आम्ही उशिरा ताबा दिला तर रोजचा दंड. नव्या घराच्या करारात विकणाऱ्याने उशीर केला तर काय, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. म्हणजे उशीर त्यांनी केला आणि भुर्दंड आम्हाला. दोन्ही करार टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि उशिराचं कलम एकापुढे एक वाचा, तुम्ही एकीकडे जेवढं देणं लागता तेवढंच दुसरीकडून मिळालं पाहिजे. शिवाय दोन्हीत एक शेवटची तारीख असू दे, त्यापुढे गेलं तर समोरच्याला करार मोडता येईल आणि इसाराचं काय होईल ते स्पष्ट लिहिलेलं.

पंखे, गिझर, पडदे, कपाटं, एसी, काय ठेवणार आणि काय नेणार याची यादी करारालाच जोडा. किरकोळ वाटतं, पण शेवटच्या दिवशीची भांडणं बहुतेक याच्यावरूनच होतात.

८. करार ते ताबा

या काळात नोकरी बदलू नका, नवीन गाडीचं कर्ज काढू नका, क्रेडिट कार्डवर मोठी खरेदी करू नका. नवीन घराचं कर्ज मंजूर झालं तरी पैसे सोडायच्या आधी बँक तुमची परिस्थिती परत बघू शकते.

आठवड्यातून एकदा सगळ्यांना फोन करा, घेणारा, एजंट, दोन्ही वकील, दोन्ही बँका. कुठवर आलंय, कोणाची वाट बघताय, माझ्याकडून काही हवंय का, एवढे तीन प्रश्न. उशीर होणार हे दोन आठवडे आधी कळलं तर गाडीचं बुकिंग हलवता येतं, आदल्या रात्री कळलं तर काहीच करता येत नाही.

घर रिकामं करून आधीच गेला असाल तर विम्याची पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की काही नुकसानीचं कव्हर बंद किंवा कमी होतं, पाणी फुटणं, चोरी, असलं. विमा कंपनीला आधी कळवून कव्हर वाढवून घेता येतं. लाईट-पाणी ताबा देईपर्यंत बंद करू नका, घेणारा शेवटची पाहणी करायला येतो तेव्हा अंधारात काय दाखवणार.

सामान हलवणाऱ्यांना बुकिंग करतानाच विचारा, तारीख बदलली तर किती पैसे जातील आणि किती दिवस आधी सांगायला लागेल. थोडं महाग पडलं तरी तारीख बदलू देणारा माणूस घ्या. मधे मुक्काम असेल तर पॅकिंगच तीन ढिगांत करा, गोदामात जाणारं, मधल्या जागी लागणारं, आणि एक बॅग जी कायम तुमच्या हातात, तिच्यात औषधं, रिपोर्ट, मूळ कागद, दागिने, चार्जर, मुलांचे शाळेचे दाखले. ही बॅग गाडीत चढवायची नाही.

९. पैसे आणि किल्ली

पैसे पाठवायच्या आणि घ्यायच्या दिवसांत फसवणूक करणारे टपून असतात. एजंटच्या किंवा वकिलाच्या नावाने ईमेल येतो, की आमचं खातं बदललंय, इथे पाठवा. असा मेसेज आला की त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा आणि त्या माणसाच्या तोंडून खातं क्रमांक ऐकायचा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आयुष्यभराची कमाई एका ट्रान्सफरमध्ये जाते आणि परत मिळणं फार अवघड असतं.

पैसे आले याचा मेसेज पुरेसा नाही, स्वतः खात्यात लॉगिन करून बघा, मगच किल्ली. किल्ली देताना लाईट, पाणी, गॅस सगळ्या मीटरचे फोटो तारखेसकट, प्रत्येक रिकाम्या खोलीचा एक फोटो, आणि किती किल्ल्या दिल्या त्याची घेणाऱ्याच्या सहीची पोच.

मग एका महिन्याने परत अर्धा तास काढायचा. जुन्या घराचं लाईट बिल, पाण्याचं कनेक्शन, घराचा कर, मेंटेनन्स यावरून तुमचं नाव निघालंय का बघा, हप्ता खात्यातून आपोआप कापला जायची सूचना बंद झालीय का बघा, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र हातात आलंय का बघा आणि रेकॉर्डवरून बोजा उतरलाय का तेही. पत्र आलं नसेल तर त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोचेची प्रत विक्रीच्या करारासोबत त्याच फाईलमध्ये ठेवा, करासाठी ती फाईल पुढची काही वर्षं लागणार आहे.